पाण्याखालचं रान : आईसोबत मामा तलावांच्या काठाने चार दिवस

दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, मंडईचे म्हणजे गावजत्रांचे दिवस सुरू होतात. धान कापणीला आलेला असतो, काही कापून झालेला असतो, आणि गावोगाव रात्री नाटकाचे मांडव पडतात. आईचं माहेर लाखांदूर तालुक्यातलं. ‘एकदा मंडईत नेऊन आण’ असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती. मला मात्र तिथले मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले जुने तलाव, बघायचे होते. नागपूरच्या कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवते. बरणीतली हायड्रिला, तिच्यातून निघणारे बुडबुडे, वर उलटी धरलेली परीक्षानळी, हे सगळं वर्षानुवर्षं दाखवत आले. ती वनस्पती जिथे जन्मभर राहते तो तलाव कधी निवांत बसून पाहिला नव्हता. नोव्हेंबरात एकाच गाडीत दोघींची कामं होणार होती.

पहिला दिवस : अंभोरा

सरळ महामार्ग न धरता आम्ही कुहीवरून अंभोऱ्याला गेलो. चैतन्येश्वराचं दर्शन आईला घ्यायचं होतं. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्यांचा हा संगम, आणि आता तो गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आहे. टेकडीवरून खाली पाहिलं तर काठाशी हिरवीगार गादी पसरलेली, तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे.

‘किती सुंदर फुललंय गं!’ आई म्हणाली.

ती जलपर्णी होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली, देखण्या फुलांसाठी जगभर नेली गेलेली. देठ फुगीर आणि हवेने भरलेले, त्यामुळे ती तरंगते. एका रोपाला फांदी फुटते, फांदीच्या टोकाला नवं रोप येतं आणि सुटं होऊन निघून जातं. ऊन आणि खत मिळालं की दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. खत कुठून येतं? आमच्या घरातून. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानमध्ये आणि कन्हान इथे वैनगंगेत. आईला हे सांगताना मला बरं वाटत नव्हतं. त्या गादीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तळाशी काही उगवत नाही. वरची पानं कुजून खाली बसतात आणि त्या कुजण्यातच पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. गादीवर एक बगळा निवांत चालत होता, इतकी ती घट्ट होती.

पुलावरून भंडारा जिल्ह्यात उतरलो आणि संध्याकाळी साकोलीला मामेभावाकडे पोचलो. जेवायला चिन्नोरचा भात, लाखोरीची डाळ आणि झिंग्याची चटणी. भात वाफाळताना सुटणारा तो वास घरभर होता. आई दोनदा भात घेत नाही, त्या रात्री घेतला.

दुसरा दिवस : नवेगावबांध

पहाटे निघालो. कोहमाऱ्यापासून आत वळल्यावर दोन्हीकडे धानाची शेतं आणि त्यांवर धुकं. रस्त्याकडेला कापलेल्या धानाच्या कडपा ओळीने पडलेल्या. साडेसहाच्या सुमारास पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या राहिलो तर समोर पाणी दिसतच नव्हतं, फक्त अडई बदकांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग धुकं वर सरकत गेलं आणि एकेक टेकडी उघडी पडली.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवायची आणि मागे पाणी साठवायचं, ही कोहळी समाजाची विद्या. पूर्व विदर्भातले हजारो तलाव अशाच हातांनी झाले. पाणी सोडायच्या दाराला इथे तुडूम म्हणतात. लहान तलाव असेल तर ती बोडी. मालगुजारी गेली, १९५०च्या कायद्याने हे तलाव सरकारजमा झाले (तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता), आणि ‘माजी मालगुजारी’चं लोकांनी ‘मामा’ करून टाकलं. कोलू पाटलांना इथले लोक कोलासूर देव म्हणून पुजतात. तलाव बांधणाऱ्याचा देव करणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

काठाशी कुमुद फुललं होतं. कमळ आणि कुमुद यांत लोक गल्लत करतात, म्हणून आधी तेवढं सांगते. कमळाचं पान अखंड गोल, ढालीसारखं, देठ बरोबर मध्ये लागलेला, आणि ते पाण्याच्या वर उचललेलं असतं. कुमुदाचं पान पाण्यावर पसरलेलं आणि देठापाशी चीर गेलेलं. दोन्हींची फुलं सारखी वाटली तरी नात्याने ती एकमेकांपासून फार लांबची. सारखंच घर मिळालं म्हणून सारखी राहणी झाली, इतकंच. इथलं पांढरं कुमुद रात्री उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. आम्ही पोचलो तेव्हा काठ पांढरा होता, नऊ-साडेनऊला परत तिथून आलो तर सगळ्या मुठी आवळलेल्या.

*जाणाऱ्यांसाठी : कुमुद बघायचं तर आठच्या आत पोचा. सोबत दुर्बीण, दहापट भिंग आणि घरातली एक खोलगट पांढरी ताटली ठेवा. ताटलीत तलावाचं वाटीभर पाणी घेतलं की जे काठावरून हिरवा चिखल वाटतं त्याची वेगवेगळी झाडं होतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून पानसुद्धा तोडून आणायचं नाही. बघायचं आणि पाण्यात परत सोडायचं.*

आईला पाळीवर सावलीत बसवलं आणि मी गुडघाभर पाण्यात उतरले. काठावरून आत जाताना दर दहा पावलांवर वस्ती बदलत जाते. आधी ओल्या चिखलात लव्हाळा आणि नाळीची भाजी, मग घोटाभर पाण्यात देवधान आणि पाणकणीस. यांचे पाय पाण्यात, अंग हवेत. पुढे पाणी गुडघ्याशी आलं की कुमुद, आणि छोट्या पांढऱ्या झालरीच्या फुलांची कुमुदिनी: मूळ तळाशी, पान वर. त्याहून आत गेलं की वर काही दिसत नाही, पण हात घालावा तर हाताला रान लागतं. हायड्रिला खरखरीत लागते, तिच्या पानांच्या कडांना बारीक दात असतात. सेरॅटोफायलम शेपटीसारखी झुपकेदार आणि बिनमुळांची, आयुष्यभर पाण्यातूनच अन्न घेणारी. आणि व्हॅलिसनेरिया, रिबिनीसारख्या लांब पात्यांची.

एक गुंता हाताला लागला तो कडक होता, चुन्याने माखल्यासारखा. नाकाशी नेला तर लसणाचा वास! कारा. दिसते झाडासारखी, पण ते शेवाळ आहे, आणि हा वास तिची ओळख. पुस्तकात वाचला होता, नाकाने पहिल्यांदा ओळखला. तशीच धावत आईकडे घेऊन गेले. आईने हुंगलं आणि म्हणाली, ‘हे तर आमच्या बोडीत होतं. आम्ही अंगाला लावून एकमेकींना चिडवायचो.’

दुपारी तिथेच डबा खाल्ला. ऊन डोक्यावर आलं तसे हायड्रिलाच्या दाटीतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. कॉलेजातल्या बरणीत मिनिटाला किती बुडबुडे ते आम्ही मोजायला लावतो. इथे अख्खा काठ फसफसत होता आणि मोजणारं कुणी नव्हतं. दिवसभर तयार होणारा हाच प्राणवायू मासे घेतात. रात्री ही झाडंही श्वास घेतात, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. गुंता फार दाट झाला, गावाचं सांडपाणी येऊन मिळालं, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. म्हणून झाडं हवीत, पण तऱ्हेतऱ्हेची आणि मधे मोकळं पाणी ठेवणारी.

निघता निघता एका उथळ कोपऱ्यात पिवळ्या फुलांच्या काड्या उभ्या दिसल्या. यूट्रिक्युलॅरिया. काठावरून बघावं तर बिचारी नाजूक फुलं. ताटलीत घेऊन भिंग लावलं तर प्रत्येक पानाला मोहरीपेक्षा लहान फुगे. हे फुगे पाणी बाहेर टाकून आतून ओढ धरून बसतात. पाणपिसू दारावरच्या केसाला लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागातला खेळ, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण एका फुग्यात काळा ठिपका हलत होता. तो मी आईला दाखवला. ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली आणि म्हणाली, ‘सोड त्याला पाण्यात, जेवतोय तो.’

तिसरा दिवस : कडपा, शिंगाडे आणि मंडई

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावी मामेभावाच्या ओळखीने जायचं ठरलं होतं. तिथल्या ढीवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, बाया सकाळी तलावावर भेटणार होत्या. पोचलो तर तलावावर चिटपाखरू नाही. रात्रीतून आभाळ भरून आलं होतं, आणि कापलेला धान शेतात पडलेला. अख्खं गाव कडपा उचलायला धावलं होतं. भिजला की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, वर्षाची मेहनत जाते. मग आम्हीही गेलो. मला पेंढ्या बांधता येईनात, आईला आल्या. सत्तरीला टेकलेली माझी आई पदर खोचून तासभर पेंढ्या बांधत होती, आणि तिची बोली बदलत गेली. ‘पानी’, ‘आमी’, ‘कोनाचा’. नागपुरात चाळीस वर्षं जी दाबून ठेवली होती ती सगळी बाहेर आली. पाऊस चार थेंब टाकून निघून गेला.

दुपारी ज्यांच्या पेंढ्या बांधल्या त्यांच्याच घरी जेवलो. मरळ माशाचा रस्सा आणि एचएमटीचा भात. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करत करत काढला.

तीन वाजता तलावावर गेलो. शिंगाड्याची पानं पाण्यावर चकत्यांसारखी एकमेकांना खेटून. ढीवर बायांमधल्या एका मावशींनी मला डोंग्यात बसवलं, स्वतः कमरेभर पाण्यात उतरल्या. प्रत्येक चकती म्हणजे चौकोनी पानांचं एक फूलच, देठांत हवेच्या गाठी. चकती उलटी केली की खाली शिंगाडे लोंबतात, दोन शिंगांचे. तिच्याखाली दोरीसारखा दांडा तळापर्यंत, आणि त्यावर पिसांसारखी हिरवी मुळं, जी पानांसारखीच उन्हात अन्न तयार करतात. मावशी न बघता बोटांनी पक्के तेवढे तोडत होत्या, कोवळे तसेच ठेवत होत्या.

मी एकेक वनस्पती वर काढून विचारत गेले. मावशींना प्रत्येक ठाऊक होती, पण त्यांची वर्गवारी माझ्यापेक्षा वेगळी. हे झिंग्यांचं, यात झिंगे लपतात. हे मरळीचं, मरळ काठाच्या गवतात मोकळी गोल जागा करून अंडी घालते आणि नर-मादी राखण बसतात. हे मागूर माशाचं. हे बदकांचं, याचे कंद ते उकरतात. देवधान कुणाचं विचारलं, तर म्हणाल्या, ‘देवाचं. पाखरायचं.’ त्याचा दाणा पिकताच पाण्यात झडतो, म्हणून ते पेरणाऱ्याचं कधीच झालं नाही. आपण लावतो त्या भाताचं ते रानटी नातलग.

मी म्हटलं, बाहेरचे लोक तर याला नुसतं गवत म्हणतात आणि तलाव साफ करायला सांगतात.

‘गवत नोहोय जी बाई,’ मावशी म्हणाल्या. ‘तलाव साफ दिसला म्हंजे लोकायले बरं वाट्टे. मासोऱ्यायनं अंडी कोठं घालाची मंग?’

त्यांनी सांगितलं ते मी डोंग्यातच वहीत उतरवून घेतलं. जास्त उत्पन्नासाठी तलावात रोहू, कतला यांचं बीज सोडायला सुरुवात झाली. हे मासे थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. त्यांच्यासोबत ग्रासकार्पही आला, जो पाण्यातली झाडंच खातो, आणि सायप्रिनस, जो तळ उकरत चरतो आणि पाणी गढूळ ठेवतो. गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाही. झाडं गेली, झाडांच्या मागे मरळ, मागूर, झिंगे कमी झाले. आणि हेच मासे फुकटात, दर पावसाळ्यात आपणहून वाढणारे होते. घरच्या खाण्यातले, बाळंतिणीला द्यायचे, बाजारात चांगला भाव येणारे.

दुसरं नुकसान यंत्राने होतं. गाळ काढणं गरजेचं आहे, त्याबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं. गाळ शेतात टाकला की धान चांगला होतो. पण यंत्र सगळीकडे सारखं खणतं. उतरता काठ जाऊन हौदासारखी उभी भिंत होते. वर मी जी वस्ती सांगितली, घोटाभर, गुडघाभर, कमरेभर पाण्याची, तिला पाय ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय गाळाच्या वरच्या थरातच पुढच्या वर्षीचं बी आणि कंद झोपलेले असतात. हे तलाव पावसाळ्यात भरतात, तुडुमातून धानाला पाणी गेलं की उतरू लागतात, उन्हाळ्यात काठ उघडा पडून गुरं चरतात, गाळपेर होते, आणि पहिल्या पावसात तोच तळ पुन्हा हिरवा होतो. हे उतरणं-भरणंच इथल्या वनस्पतींचं पंचांग आहे. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळातलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: खोल भागातला गाळ खुशाल काढा, पण काठाची उथळ पट्टी सोडा. ती सोडायला पैसा लागत नाही.

या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था ढीवर समाजासोबत अनेक वर्षं असंच काम करते आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाचा तुकडा नांगरायचा, बेशरम नावाची माजणारी झुडपं मुळासकट उपटायची आणि पाणी आलं की शेजारच्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. पाण्याखाली रोवणी! धानाची रोवणी जन्मभर केलेल्या बायांना ही कशी करायची ते शिकवावं लागत नाही.

*जाणाऱ्यांसाठी : शिंगाडे काठावर कच्चे खाण्याचा मोह होतो, पण तलावाच्या पाण्यातून रोगजंतू आणि कृमी येऊ शकतात. उकडूनच खा. आणि काठावर विकत घ्या, सांगितला तो भाव द्या. कमरेभर थंड पाण्यात चार तास उभं राहण्याचा तो भाव आहे.*

परतताना एका पोराने कमळाचा देठ तोडला, एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्याने फुंकलं. पाण्यात बुडबुडे. देठ आतून नळ्या-नळ्यांचा असतो. पानांतून शिरलेली हवा त्या नळ्यांतून खाली चिखलातल्या कंदापर्यंत जाते आणि पानांतूनच बाहेर पडते. चिखलात प्राणवायू नसतो, तरी कंद जगतो तो या वाऱ्यावर. तोच कंद म्हणजे कमळकाकडी, पलीकडे छत्तीसगडात ढेंस. पोराला हे सांगितलं तर त्याने आणखी जोरात फुंकून दाखवलं.

रात्री मंडई. उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचे ढीग, फुगे, बांगड्या, आणि बारानंतर नाटक. आई पहाटे चारपर्यंत शाल गुंडाळून बसली होती. मी तिच्या खांद्यावर झोपले.

चौथा दिवस : दोन बोड्या

निघायच्या आधी मावशींनी दोन बोड्या बघून जायला सांगितलं. अर्ध्या तासाच्या चालण्यात दोन्ही.

पहिलीत बेशरम माजलेली. ही पण दक्षिण अमेरिकेतली, कुंपणाला म्हणून लावलेली. गुरं खात नाहीत, तोडलेली काडी चिखलात पडली की मूळ धरते. नाव लोकांनी उगाच ठेवलेलं नाही. तिच्या जाळीत गाळ अडकत जातो आणि बोडी काठाकडून भरत येते. पाण्यावर एक पाणकोंबडी, बाकी शांतता.

दुसरी बोडी बायांच्या गटाने लावलेली. तिथे कुमुदिनीच्या पानांवर कमळपक्षी चालत होता, लांब बोटं पसरून, पान बुडण्याच्या आत पुढचं पाऊल. या पक्ष्यात अंडी नर उबवतो आणि घरटं तरंगत्या पानांवरच असतं. पानं नाहीत तर घर नाही. काणूक बदकांची जोडी होती. पाणी इतकं निवळ की व्हॅलिसनेरियाची पाती तळापासून वळताना दिसत होती, आणि मधूनच पाण्यापर्यंत पोचलेला तिचा एक स्प्रिंगसारखा देठ, टोकाला पांढरं बारीक मादी फूल. नर फुलं शोधत मी तासभर काठावर बसले. ती तळाशी तयार होतात, सुटतात, वर येऊन उमलतात आणि वाऱ्यावर तरंगत मादी फुलापाशी पोचतात. पण वारा होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या, एकही दिसलं नाही.

‘घेऊन जा दोन झाडं,’ मावशी म्हणाल्या. जाळ्यात अडकून उपटून आलेली दोन रोपं त्यांनी मुळांच्या चिखलासकट पाण्याच्या बाटलीत घालून दिली. आईला त्यांनी उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी दिली आणि पुढच्या मंडईचं निमंत्रण.

घरी

गच्चीवर बादलीत तळाशी माती घालून रोपं लावली. पाचव्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला गेलेल्या आईने हाक मारली, बादलीत कुणीतरी रवा सांडलाय म्हणून. भिंग घेऊन गेले. पाण्यावर कणीएवढी पांढरी नर फुलं, पाकळ्या मागे वळवून होडीसारखी तरंगत, बादलीच्या कडेशी गोळा झाली होती. आईने हळूच फुंकर घातली, तशी ती सगळी पाण्यावरून पलीकडच्या कडेला गेली.